हमीदनं आणलेलं माप

आमच्या जहाजावर तोफा किती होत्या, हे मला कृपा करून विचारू नका. हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी नौदलात होतो एवढंच सर्जेकोटात ज्याला त्याला ठाऊक, म्हणजे मी तोफ डागलेली असणारच असा सगळ्यांचा समज. शाळेत पंधरा ऑगस्टला बोलावतात, टोपी घालून या म्हणतात, आणि एखादा मुलगा हात वर करून विचारतो, "आजोबा, तुम्ही किती जहाजं बुडवली?" मी खरं ते सांगतो. एकही बुडवलं नाही, बुडायच्या बेतात आलेली काही दुरुस्त केली. मुलांचे चेहरे पडतात. मास्तर घाईघाईनं आभार मानतात आणि मला नारळ देऊन मोकळे होतात.

ते दुरुस्तीचं जहाज होतं. पोटात अख्खा कारखाना घेऊन तरंगणारं. लेथ, ड्रिल, लोहाराची भट्टी, ओतकामाची जागा, सुतारांची खोली, सगळं त्यात होतं. लढाऊ जहाजं समुद्रात जायची, काहीतरी मोडून परत यायची, आमच्या अंगाला दोर बांधून उभी राहायची, आणि त्यांचे खलाशी इस्त्रीचे कपडे घालून गावात सिनेमा बघायला जायचे. मोडलेलं घेऊन बसायचो आम्ही. ते आम्हाला 'गॅरेजवाले' म्हणत आणि आम्ही ते ऐकून घेत असू. माझ्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्या नीट दिसत नाहीत, पण नखांतलं काळं वंगण मात्र अगदी स्वच्छ दिसतं.

घरी आल्यावर तरी सुटका व्हावी की नाही? छे. गावानं मला आयता कारागीर समजून ठेवलं आहे. मिक्सर, विहिरीवरचे पंप, कुणाच्या तरी सुनेची शिलाई मशीन. आता श्रावण चालू आहे, बोटी अजून झापांखाली झाकलेल्या आहेत, नारळी पौर्णिमा तोंडावर आली आणि एकेकाला आपापलं इंजिन आठवायला लागलं आहे. शेजारचा बाबू तांडेल तर आषाढ सरायच्या आधीच एका सकाळी बोटीवरच्या पंपाचे तुकडे घमेल्यात घालून घेऊन आला.

"दादा, जरा बघशात?"

"जून म्हयन्यात काय करी होतंस रे?"

"तेव्हा पंप चालू होतो."

मी घमेलं ठेवून घेतलं.

या सगळ्यात भर म्हणून ती डबी घरात आली. माझ्या बायकोचं माहेर फोंडाघाटचं. तिथे तिच्या भावानं घर रंगवायला काढलं, कपाटं रिकामी केली, आणि त्यात सासऱ्यांची तपकिरीची डबी सापडली. सासरे जाऊन पंधरा वर्षं झाली. बायकोनं ती डबी पदरात बांधून आणली, चिंचेनं घासून लख्ख केली आणि टीव्हीच्या शेजारी काचेच्या कपाटात मांडली. ती डबी मी केलेली आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांना द्यायला म्हणून, जहाजावर, माझ्या हातानं. पितळेची, सुपारीपेक्षा थोडी मोठी. झाकणाला आटे नाहीत, ते नुसतं वरून बसतं. झाकण तोंडावर ठेवून बोट काढून घेतलं की ते एकदम पडत नाही. आतली हवा हळूहळू बाहेर निघते आणि झाकण आपलं आपण सावकाश खाली जातं. इतकं ते बरोबर मापाचं आहे.

बायको येईल त्याला हा खेळ दाखवते. मासेवाली आली, तिला दाखवला. गॅसवाला आला, त्यालाही.

"ह्यांनी जहाजार केल्यानी. माझ्या बाबांका भेटूक इले, तेव्हा घेवन इल्ले," असं ती सांगते, आणि मग सगळे मान खाली घालून त्या झाकणाकडे बघत राहतात.

"पुरे गो आता. ठेव ती आत," मी खेकसतो.

"लाजतत," ती गॅसवाल्याला सांगते.

कसला लाजतोय. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण का होतो, हे तिला मी लग्नाच्या आधी सांगितलं नाही, नंतरही नाही, आणि आता कुठल्या तोंडानं सांगू?

डबीला अजून तपकिरीचा वास आहे, असं सगळे म्हणतात. मला मात्र तो येतच नाही. मला वास येतो तो लेथवर सोडायच्या त्या दुधासारख्या पांढऱ्या पाण्याचा. लोखंड कापताना तापू नये म्हणून ते पाणी बारीक धारेनं सोडत. उन्हाळ्यात त्याला शिळ्या ताकासारखी आंबट घाण यायची आणि ती अंगाला चिकटून राहायची. तिच्यात शेंदरी रंगाचा वास मिसळायचा, जळक्या तेलाचा मिसळायचा, वरून गॅलीतल्या, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या, डाळीचा यायचा. पितळेचा कीस केसांत, मोज्यांत, उशीत. भातात दाताखाली कचकन काही आलं तर तो खडा आहे की पितळ, हे जिभेनं ओळखता यायचं. आणि जनरेटरची घरघर. ती कधी थांबायचीच नाही. पहिल्या रजेत घरी आलो तेव्हा मला आमच्या घरातल्या शांततेनं झोप येईना. आई म्हणाली, पोराला कोणाची तरी नजर लागली.

जहाज बंदरात असलं तरी हलायचं. बाहेर बांधलेलं आजारी जहाज आमच्या अंगाला घासायचं, दोर कुरकुरायचे, टांगलेले पाने एकदम एका बाजूला झुकायचे. आम्ही उभे असू तिथे पाय फाकून उभे राहत असू. तीच सवय पुढे राहिली. लग्नाच्या बोहल्यावरही मी तसाच उभा होतो आणि भटजींनी दोनदा सांगितलं, जरा जवळ या.

हमीद त्या जहाजावरचाच सोबती, गावानं खारेपाटणचा. माझ्या आधी सहा महिने जहाजावर आला होता. आम्ही दोघंही टर्नर, आमचे लेथ शेजारी शेजारी. आमचे चीफ पंजाबकडचे, त्यांना आम्हा दोघांच्या बोलण्यातलं काही कळत नसे, आणि आमची नावं लक्षात ठेवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. आधी आला म्हणून हमीद 'बडा कोकनी', नंतर आलो म्हणून मी 'छोटा कोकनी'. हमीद माझ्या खांद्याला लागतो. तरी तो अजून मला छोट्याच म्हणतो. त्याची आई वर्षातून दोनदा सुके बांगडे पाठवायची, जुन्या चादरीत शिवून. कपाट उघडलं की अख्ख्या खोलीत ओरडा व्हायचा. एकदा चीफनं ते गाठोडं समुद्रात फेकायची धमकी दिली. पुढच्या रविवारी लोहाराच्या भट्टीवर आम्ही एक बांगडा भाजला, तर तेच चीफ दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बस एक टुकडा." त्यानंतर त्यांचा वाटा ठरलेलाच असायचा.

आमच्याकडे एक रीत होती. 'माप आणणं' म्हणत तिला. आजारी जहाजाच्या इंजिनखोलीत असल्या अडचणीच्या जागा असत की तिथे मायक्रोमीटर शिरत नसे. मग टर्नर कॅलिपर घेऊन जायचा. कॅलिपर म्हणजे दोन वाकडे पाय आणि मध्ये एक बारीकसा स्क्रू. पोटावर सरपटत आत शिरायचं, झिजलेल्या दांड्यावर ते पाय हलकेच सरकवायचे, नेमकं लागलं की स्क्रू आवळायचा. आता माप त्या कॅलिपरच्या पायांत आलं. ते तसंच आमच्या जहाजावर आणायचं. दोन जहाजांमध्ये लाकडी फळी टाकलेली असे, ती हलायची. एक हात छातीशी, दुसरा दोराला. "माप येतंय" अशी हाक पुढे जायची आणि माणसं आपोआप बाजूला होत, अधिकारी असले तरी. वर्कशॉपमध्ये आल्यावर कॅलिपर टेबलावर स्वच्छ फडक्यावर ठेवायचं आणि त्याच्याभोवती खडूनं रिंगण काढायचं. त्या रिंगणात दुसऱ्या कोणी बोट घालायचं नाही. नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच पडली नव्हती.

बाकीचे टर्नर दोनदा, तीनदा फळी ओलांडून मापाची खात्री करत. हमीद एकदाच जायचा. एकदा माप, एकदा काम. दुसऱ्या जहाजांवरचे लोक येऊन विचारत, "बडा कोकनी है क्या?" त्याच्या हाताची तशी ख्याती होती आणि त्याला ती माहीत होती. चालायचाही जरा ऐटीतच. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि आजचा हमीद बघा. गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणार. कुलूप लावल्यावर तीनदा ओढणार, चार पावलं चालल्यावर परत येऊन पुन्हा ओढणार. माझ्या मुलीच्या लग्नाला निघाला, कणकवलीपर्यंत आला, स्टँडवरून घरी परत गेला, कुलूप बघितलं, आणि मांडवात पोचला तेव्हा पंगती उठत होत्या. रोज सकाळी दहाला त्याचा फोन येतो. "छोट्या, काल तू सोमवार म्हणालंस ना? सोमवारच ना? म्हंजे येत्या सोमवार?" मी म्हणतो, "होय रे बाबा, होय, होय," तीन होय एकदमच देऊन टाकतो, तरी तो विचारतोच. चहात साखर टाकल्यावर चमचा उचलून बघतो. खरंच टाकली का ते. त्याची बायको जैबुनभाभी एवढी शांत बाई, पण तीसुद्धा मेटाकुटीला आली आहे. मी त्याच्यावर किती वेळा ओरडलो असेन, गणती नाही. ओरडायचा हक्क मला नाही, हे मला एकट्यालाच ठाऊक. त्यामुळे मी आणखीनच ओरडतो.

आषाढ संपता संपता जैबुनभाभीचा फोन आला. हमीदच्या मुलाला मुलगी झाली होती, आयेशा, दोन महिन्यांची. मला वाटलं बारशासारखं काही असेल.

"भाई, तुमी तरी सांगा तेंका," भाभी म्हणाली. "पोरगी दोन म्हयन्याची झाली. अजून एकदा हातात घेवक नाय. लांबसून बघतत. सून बिचारी मनाक लावन घेता, पोरगी झाली म्हणान घेणत नाय काय?"

"आणि तो काय म्हणता?"

"काय म्हणतले? माझो हात हालता, म्हणतत. पडात म्हणतत. ह्यांचो हात खंय हालता, भाई? सुईत दोरो ओवून देतत माका."

मी फोन ठेवला. समोर कपाटात डबी. बायको स्वयंपाकघरात काहीतरी तळत होती आणि मला मासे तळल्याचा वास येत होता, पांढऱ्या पाण्याचा येत होता, दोन्ही एकदम. मला इतका राग आला की बाबूच्या पंपाचा एक स्क्रू मी भलत्याच जोरात पिळला आणि तो तुटला.

झालं होतं ते असं. दोन दिवसांनी माझी रजा सुरू व्हायची होती. फोंडाघाटला मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. वर्कशॉपमध्ये सगळेच चोरून घरचं काहीतरी करत, कोणी राखदाणी, कोणी देव्हाऱ्याची घंटा. मी डबी करायला घेतली होती आणि फक्त झाकणाचा शेवटचा हात राहिला होता. दुपारची जेवणाची सुट्टी. अवजारांची खोली बंद, त्यामुळे दुसरं कॅलिपर मिळेना. हमीद नुकताच एका छोट्या जहाजाच्या दांड्याचं माप घेऊन आला होता, कॅलिपर फडक्यावर ठेवून, रिंगण काढून जेवायला गेला होता. वर्कशॉपमध्ये मी एकटाच.

मी रिंगणात हात घातला. अंगठ्याच्या नखानं कॅलिपरच्या पायावर स्क्रूपाशी, तेलाच्या थरात, बारीक खूण केली, स्क्रू सैल केला, डबीचं माप घेतलं, झाकण पुरं केलं. दहा मिनिटांचं काम. मग पाय पुन्हा त्या खुणेवर आणले, स्क्रू आवळला, फडक्यावर होतं तसं ठेवलं. रिंगणाची एक बाजू माझ्या मनगटानं पुसली गेली होती, ती खडूनं जोडली. झाकण तोंडावर ठेवून बोट काढलं. ते सावकाश खाली गेलं. मला इतका आनंद झाला होता की मी ते चार-पाच वेळा करून बघितलं.

हमीद जेवून आला, त्यानं त्या मापावर बुश केला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती पितळी नळी. एकदा माप, एकदा काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जहाज बाहेर गेलं आणि दुपारी परत आलं. बुश तापला होता. कोणाला काही इजा झाली नाही, पण जळक्या तेलाचा वास फळीवरून थेट आमच्या वर्कशॉपात आला. केसाएवढी ढिलाई होती. चीफनं सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, "माप किसने लिया?"

"मैंने लिया, साब," हमीद म्हणाला. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. "फट्टे पर हाथ हिला होगा."

डबी तेव्हा माझ्या खिशात होती. हात लावला तर लागत होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोललो नाही. हमीदला लेथवरून काढून अवजारांच्या खोलीत बसवलं, वर्षभर. खिडकीतून पाने द्यायचे, परत घ्यायचे, वहीत लिहायचं. तिथेच त्याची ती मोजायची सवय सुरू झाली. एकदा मोजायचं, दोनदा, तीनदा. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा हसायचो.

सांगीन म्हणत राहिलो. आधी रजा आली, मग साखरपुडा, मग लग्न, मग माझी बदली. दरवेळी वाटायचं, आता जुनं झालं, आता काय सांगायचं. पुढे दोघंही निवृत्त झालो, घरं जवळ आली, एसटीनं दोन तासांवर, आणि सांगणं मात्र लांब लांब जात राहिलं. मला माझाच इतका वैताग आला आहे की मी कधीकधी आरशाशी भांडतो.

पण आयेशा दोन महिन्यांची होती. ती काही थांबणार नव्हती. एका बाळाला आजोबाच्या मांडीवर जायला मिळेना, आणि कशापायी, तर माझ्या सासऱ्यांच्या तपकिरीपायी.

सोमवारी सकाळी मी कपाटातून डबी काढली.

"ही खंय घेवन चललास?" बायकोनं विचारलं.

"हमीदाक दाखवूक."

"सांभाळून आणा हां. माझ्या बाबांची एकच वस्तू ती," ती म्हणाली आणि रुमालात गुंडाळून दिली. वर एक गाठही मारली.

मालवणहून कणकवली, कणकवलीहून खारेपाटण. गाडीच्या खिडकीतून पाऊस आत येत होता आणि खिडकीची काच खाली येत नव्हती. कंडक्टर म्हणाला, दुरुस्तीला दिली पाहिजे. हायवेवर गाडी सरळ पळत होती, भातं पोपटी हिरवी झाली होती, आणि मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. जुळवलेलं प्रत्येक वाक्य कणकवलीच्या पुढे गेलं की मोडत होतं.

हमीद पडवीतच बसला होता, नदीकडे तोंड करून.

"गेटाची कडी लावलंस?" त्यानं विचारलं.

"लावलंय."

"नीट?"

"हमीद, लावलंय रे!"

तो उठून बघून आलाच. मग बसला. जैबुनभाभीनं चहा आणून ठेवला. आत पाळण्याची करकर चालली होती. मी रुमालाची गाठ सोडली आणि डबी त्याच्या हातात दिली.

काही सांगावं लागलं नाही. त्यानं झाकण काढलं, आत बोट फिरवलं, कड नखानं तपासली, झाकण तोंडावर ठेवून सोडलं. ते खाली जाऊ लागलं तसा तो पुढे वाकला. त्याचा चेहरा इतका खुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"वा! काय बसता रे. कोणी केल्यान ही?"

"मी."

"तू? असां काम करी होतंस? माका कधी दाखवूक नाय." त्यानं पुन्हा झाकण काढलं, पुन्हा सोडलं. "खंय केलंस?"

"जहाजार. रजेर जावच्या आधी. हमीद, ही मी तुझ्या कॅलिपरान केलंय."

"माझ्या?"

"तू जेवूक गेल्लंस. रिंगणातसून उचललंय. तुझां माप सोडलंय, डबीचां घेतलंय, आणि नखान खूण केल्ली, तिच्यार परत लावन ठेवलंय. तुझो हात हालूक नाय, हमीद. त्या दिवशीय नाय आणि मागसूनय नाय."

झाकण अर्ध्यावर होतं. आम्ही दोघंही ते पुरतं बसेपर्यंत बघत राहिलो. नदीवरून कोणीतरी कोणाला हाका मारत होतं.

"खयच्या बोटाचां नख?" हमीदनं विचारलं.

"काय?"

"खूण केलंस ती. खयच्या बोटाच्या नखान?"

"आंगठ्याच्या."

"आंगठ्याचां नख जाड असता," तो म्हणाला. "खूण रुंद पडता. थंयच गेलां तां केसभर माप."

एवढं बोलून त्यानं डबी बाकावर ठेवली. मला वाटलं झालं, आता तो हसेल, शिवी देईल आणि विषय संपेल. तो स्वतःचे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बघत होता.

"माझ्या झिलाक मी उभ्यान कधी घेवक नाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बसान घेय. खाली गादी घालून. तो आता छत्तीस वर्षांचो झालो."

"हमीद..."

"चाळीस वर्षां, छोट्या. आणि आता कशाक सांगूक इलंस? तुका हलकां वाटूचां म्हणान?"

"पोरग्येक घेणंस नाय म्हणान."

त्यावर तो उठला. मी त्याला इतका रागावलेला कधी बघितला नव्हता.

"जा आता."

"अरे, आयक तरी..."

"जा म्हटलंय ना! आज माका तुझां तोंड बघूचां नाय." तो आत वळला आणि दारातून मागे न बघता म्हणाला, "उद्या ये."

मी पायऱ्या उतरलो. चहा तसाच राहिला होता. चपला पावसानं भिजल्या होत्या, पाय आत जाईनात. पाळण्याची करकर थांबली. मग बाळ एकदम रडलं, आणि जैबुनभाभीचा आवाज आला, घाबरलेला आणि हसरा, दोन्ही.

"ओ, मान धरा तिची, मान! डोक्याखाली हात घाला! असे उभे कशाक रवलास मधीच?"

मी अंगणात थांबलो. आत जावंसं फार वाटत होतं. पण मला उद्या बोलावलं होतं.